तौक्ते वादळात पडलेला फणस: लेथवर चढेपर्यंतच्या नोंदी

घरामागचा फणस आजोबांनी लावलेला होता. पडला तेव्हा त्याची लाकडं चुलीत घालायची नाहीत एवढं मी ठरवून टाकलं. गेली चार वर्षं मी छोट्या लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायच्या यंत्रावर, लाटणी, भोवरे, पाटाचे पाय असं किरकोळ कातकाम करतो. लाकूड मात्र नेहमी वखारीतून आणलेलं, तेही कुणी कधी कापलं याचा पत्ता नसलेलं. उभ्या झाडापासून वाडग्यापर्यंतचं काम पहिल्यांदाच हातात आलं. ज्यांच्या परसात असं झाड आडवं झालंय त्यांना उपयोग व्हावा म्हणून तारखेवार लिहितोय. गाव कुडाळजवळ, म्हणजे दमट हवा आणि चार महिने मुसळधार पाऊस. देशावरच्या मंडळींनी हे लक्षात ठेवून वाचावं.

18 मे 2021, मंगळवार

रविवारी दिवसभर वाऱ्याने झोडपलं. संध्याकाळी फणस मुळासकट गडग्यावर (दगडी कुंपणावर) आला, आंब्याची एक मोठी फांदीही मोडली. वीज नाही, फोनला रेंज नाही.

आज तलाठी पंचनामा करून गेले. तोवर लाकडाला हात लावला नव्हता. फणस आणि आंबा दोन्ही 1964च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, त्यामुळे पडलेल्या झाडाचाही कागद हाताशी असलेला बरा. लाकूड बाहेरगावी न्यायचं असेल तर वाहतूक परवान्याचं आधी विचारून घ्यावं. माझं सगळं घरच्या घरीच राहणार आहे.

बुंध्याचा घेर 62 इंच भरला, म्हणजे व्यास साधारण 20 इंच. पहिल्या फांदीपर्यंत सरळ सात फूट. कातकामासाठी हेच सात फूट महत्त्वाचे. आडव्या वाढलेल्या फांदीचं लाकूड वरून चांगलं दिसतं, पण तिचा गाभा मध्यावर नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. आयुष्यभर ताण सोसलेलं ते लाकूड वाळताना हमखास पीळ खातं. म्हणून फांद्या जळणाला दिल्या.

21 मे

पेट्रोलवर चालणारी करवत असलेला माणूस आज मिळाला. वादळानंतर त्याला सगळीकडूनच बोलावणं आहे. दीड दिवसाचे 2,400 रुपये ठरले.

मला 9 इंची वाडगे करायचे होते, म्हणून त्याला 10-10 इंचांचे गोल ओंडके पाडायला सांगितले. चार पाडून झाले आणि पाऊस आला, तो निघून गेला. ओंडके पडवीत उभे करून ठेवले. कापलेला ताजा फणस हळदीसारखा पिवळा असतो, आणि सालीखालून चीक इतका येतो की हात एकमेकांना चिकटतात. फणस चिरताना आई हाताला खोबरेल लावते, तसंच मी करवतीच्या पात्याला आणि हाताला लावलं. सुटलं.

24 मे

चारही ओंडके गेले. तीन दिवसांत गाभ्यापासून सालीपर्यंत चांदणीसारख्या चिरा पडल्या. सर्वांत मोठ्या चिरेत आईचा स्वयंपाकघरातला चमचा दांड्यापर्यंत गेला. रविवारी दुपारी ऊन पडलं तेव्हा पडवीत बसलो असताना "टक" असा आवाज ऐकू आला होता, तो याचाच असणार. मला वाटलं, पत्रा तापला.

माझ्या हातून तीन चुका झाल्या. पहिली, गाभा मधोमध ठेवून ओंडका गोलच राहू दिला. लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने जास्त आकसतं आणि गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्म्यानेच. गोल ओंडक्यात हा फरक कुठे तरी बाहेर पडायलाच हवा, तो चिरेतून पडतो. दुसरी चूक, कापलेली टोकं उघडी ठेवली. झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्या टोकाला उघड्या पडतात, त्यामुळे टोकाकडून पाणी बाजूच्या दहा-पंधरापट वेगाने जातं. टोक आकसतं, पोट अजून फुगलेलंच असतं. तिसरी चूक, मापात कापलं. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच सोडले असते तर चिरलेली टोकं उडवून निदान काही तरी हाती लागलं असतं.

नशिबाने राहिलेला 44 इंचांचा बुंधा करवतवाल्याने तसाच लांब ठेवला होता. त्याच्या दोन्ही टोकांना चिरा होत्या, पण इंच-दीड इंचापलीकडे गेल्या नव्हत्या.

25-26 मे

काल रात्री वीज आली. आज बुंध्याचे साधारण 14 इंचांचे तीन तुकडे केले आणि ते तिथल्या तिथे उभे चिरले. आधी गाभ्याच्या दोन्ही बाजूंनी मिळून दोन इंचांची फळी काढून टाकली, मग प्रत्येक अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. तीन तुकड्यांचे बारा झाले. काढलेल्या फळीत जीव अडकतो, एवढं पिवळंजर्द लाकूड जळणात जातं. तरी काढावीच.

टोकं बंद करायला घरात काय आहे ते पाहिलं. डिस्टेंपरचा अर्धा डबा होता. दोन तुकड्यांना तो लावून बघितला. दुसऱ्या दिवशी सकाळी केसाएवढ्या चिरा दिसायला लागल्या. पाण्याचा रंग पाणी अडवत नाही, हे आधीच सुचायला हवं होतं. वादळासाठी आणलेल्या मेणबत्त्या उरल्या होत्या, आणखी काही दुकानातून आणल्या, एकूण 540 रुपयांच्या. वाती काढून जुन्या पातेल्यात टाकल्या आणि ते पातेलं पाण्याच्या टोपात ठेवून मेण वितळवलं. थेट आचेवर कधीच ठेवू नये, मेण पेटतं. रुंद ब्रशने टोकांवर दोन हात दिले आणि टोकाला लागून बाजूवरही इंचभर घेतलं. गार लाकडावर पहिला हात पटकन थिजतो आणि पापुद्रा सुटतो, म्हणून मेण चांगलं गरम असतानाच लावायचं. डिस्टेंपरवाले दोन तुकडे अर्धा इंच कापून पुन्हा मेणात बुडवले.

प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर आणि तारीख टाकली. फुटलेल्या चार ओंडक्यांतून चिरांच्या मधला निकोप भाग काढला, त्यात दोन लहान वाडग्यांपुरते तुकडे आणि करंड्यांसाठी 3 इंची चौकोनी सहा तुकडे मिळाले.

एक कापटी परीक्षेसाठी ठेवली. ओली असताना 212 ग्रॅम. घरच्या ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या आसपास तापवत राहिलो, वजन उतरायचं थांबलं तेव्हा 118. म्हणजे कोरड्या लाकडाच्या वजनाच्या 80 टक्के पाणी होतं.

6 जून

पाऊस सुरू झाला. वाळत ठेवून वर्ष-दोन वर्षं थांबण्यापेक्षा वाडगे ओले असतानाच जाडजूड कातून घेतले. भिंत पातळ झाली की आतलं-बाहेरचं पाणी जवळजवळ बरोबरीने निघतं आणि वाडगा फुटण्याऐवजी वाकतो. वाकला तर चालतो, दुसऱ्या कातणीत गोल करता येतो. भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी ठेवावी असा कातकाम करणाऱ्यांत हिशेब आहे. 9 इंची वाडग्याला मी इंचाला थोडी कमी ठेवली. बूडही तेवढंच. बूड जाड ठेवायचा मोह होतो, पण भिंत आणि बूड यांच्या जाडीत फरक पडला की त्यांच्या सांध्यावरच तडा जातो.

ओला फणस कातणं म्हणजे सुख आहे. गाऊजला (वाडगे कातायच्या पन्हळीसारख्या पटाशीला) धार असली की ढलपीच्या लांबच लांब पिवळ्या फिती खांद्यावरून मागे उडतात, आणि खोलीभर कच्च्या फणसाचा वास सुटतो. पाण्याचे तुषार चष्म्यावर येतात. भिंतीवर, छताला पाण्याची एक रेघ उमटली. वेग मिनिटाला 500 फेऱ्यांच्या आतच ठेवला. चौकोनी ओबडधोबड तुकडा जास्त वेगाने फिरवला तर लेथ टेबलासकट चालायला लागतं. आधी कोपरे कुऱ्हाडीने उडवून घेतले तर हा त्रास निम्मा होतो.

नऊ नंबरच्या तुकड्यात गाऊज एकदम खाडकन अडली. बघतो तर खिळा. कधी तरी कपड्यांची दोरी बांधायला ठोकलेला, वर्षांनुवर्षं झाडाने गिळलेला. भोवतालचं लाकूड वीतभर काळंनिळं झालं होतं. धारेला दोन मिलिमीटरचा खड्डा पडला आणि तुकड्यालाही आरपार फट गेली. परसातल्या झाडात लहानमोठे खिळे, तार असणारच. आता रेडिओच्या जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून प्रत्येक तुकड्यावरून फिरवतो. लाकडात शाईसारखा डाग दिसला की आधी शोधायचं, मग कातायचं.

दोन रविवार लागले. तेरा वाडगे कच्चे कातून झाले. प्रत्येकाच्या बुडावर पेन्सिलीने वजन लिहिलं. 650 रुपयांचा वजनकाटा हा या कामातला सर्वांत उपयोगी खर्च ठरला. ओलावा मोजायचं मीटर घेणार होतो, ते घेतलं नाही. वजन उतरतंय की थांबलंय एवढंच मला हवं होतं.

18 जुलै

वाडगे त्यांच्याच ढलप्यांत भरून गोणपाटाच्या पिशव्यांत ठेवले होते. पिशवी हवा अगदीच तोडत नाही आणि वारा थेट लागू देत नाही. पण ढलप्या स्वतःच ओल्याचिंब, आणि हवा ही अशी. पंधरा दिवसांत सगळ्यांवर करडी-हिरवी बुरशी. वास मारायला लागला. ढलप्या फेकल्या, वाडगे ब्रशने पुसले आणि नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर मांडले. आमच्याकडे मागच्या चुलीवर अंघोळीचं पाणी तापतं. तिचा धूर आणि ऊब माळ्यावर हलकी पोचते. आजोबा नांगराची लाकडं तिथेच ठेवायचे. कागद पहिले काही दिवस रोज बदलला, ओला होत होता.

तीन नंबरच्या वाडग्याचं वजन: 6 जूनला 1,910 ग्रॅम, 20 जूनला 1,610, आज 1,350. पहिल्या पंधरवड्यात जेवढं पाणी गेलं तेवढं नंतरच्या महिन्याभरातही गेलं नाही. चिरा कुठेच नाहीत.

15 ऑगस्ट

आंब्याचं लिहायचं राहिलं होतं. फांदी मोठी होती म्हणून तिचे सहा तुकडे मोह आवरला नाही म्हणून ठेवले, मेण लावून, मांगरात (परसातल्या खोपटात). फणसाच्या नादात तीन महिने पाहिलेच नाहीत. आज काढले तर पांढऱ्या लाकडात निळसर-काळे पट्टे, आणि खाली जमिनीवर मैद्यासारख्या पिठाचे छोटे ढीग. सालीवर टाचणीएवढी भोकं. एक तुकडा आपटला तर आतून पीठच पडलं. सहापैकी पाच आगीत घातले, आणि लगेच, कारण तीच कीड बाकीच्या लाकडात जाते.

फणसाचं आतलं पिवळं जून लाकूड वाळवीला आणि किडीला चांगलं टिकतं, आंब्यात तसं संरक्षण नाही. सालीखाली पिठूळ रस असतो तोच किडीचं खाद्य. आंबा ठेवायचा तर साल लगेच काढावी, आणि पावसाळ्यात तर त्याच आठवड्यात कातून मोकळं व्हावं. बोरिक पावडर आणि टाकणखाराच्या पाण्यात बुडवतात, ओल्या लाकडात ते आतपर्यंत जातं. पण ज्यातून खायचं त्या भांड्याला मी ते लावणार नाही.

वाचलेल्या सहाव्या तुकड्याची आजच पातळ वाटी कातली, निळे पट्टे ठेवून. वाकेल तशी वाकू दे. देवघरात फुलं ठेवायला आईने घेतली.

तीन नंबर: 1,280.

29 ऑगस्ट

तीन नंबर 1,285. पाच ग्रॅम वाढलं. आधी काटा बिघडला असं वाटलं, किलोचं वजन ठेवून तपासला, बरोबर. इतर चार वाडगेही थोडे थोडे वाढलेत. म्हणजे या हवेत लाकूड जेवढं वाळायचं तेवढं वाळलं, आता हवेतलं पाणी परत पितंय. वजन थांबलं म्हणजे वाळलं असं मी धरून चाललो होतो. पावसाळ्यात थांबलेलं वजन धरायचं नाही.

12 ऑक्टोबर

ही नोंद लिहिताना हात जड होतो. पाऊस उघडला, ऊन कडक पडलं. वजन उतरवायला आता चांगलं म्हणून शनिवारी तीन वाडगे मांगराच्या पत्र्यावर पालथे घातले. रविवारी दुपारी बघितलं तर दोघांना काठापासून बुडापर्यंत आरपार चिरा, तिसऱ्याला काठाशी दोन इंचांची. चार महिने सांभाळलेलं लाकूड दोन दिवसांत गेलं. पत्रा दुपारी हात लावू देत नाही एवढा तापतो. त्यावर वाडग्याचा काठ टेकलेला, म्हणजे सर्वांत आधी काठच करपला.

तिसऱ्याच्या चिरेत फणसाचाच बारीक भुसा दाबून पातळ सुपरग्लू सोडला. पक्का बसला. त्यात आता खाण्याच्या वस्तू ठेवायच्या नाहीत, किल्ल्या ठेवायला होईल. बाकीचे दहा पुन्हा माळ्यावर, सावलीत.

14 नोव्हेंबर

दिवाळी झाल्यावर सावंतवाडीला गेलो. चितार आळीत उमेदीची वर्षं कातकामात घालवलेले एक काका आहेत, त्यांच्याशी लॉकडाऊनमध्ये फोनवर बोलणं व्हायचं, भेट आज झाली. सोबत तीन वाडगे, दोन करंड्यांचे तुकडे आणि मांगरातल्या जळणात सापडलेलं एक सरळ, सुंदर, ओळखीचं नसलेलं लाकूड नेलं होतं.

ते लाकूड त्यांनी लांबूनच पाहिलं. सालीवरचा काळा ओघळ दाखवला. "बिबो तो. कातूक घेशीत तर अंग उततलां." म्हणजे बिब्बा, कातला तर अंग सुजेल. त्याचा भुसा श्वासात आणि डोळ्यांत जातो, त्यामुळे नुसत्या चिकापेक्षा हे वाईट. काजूचं ओलं लाकूडही तसंच सांभाळून, दोघांचं कूळ एकच आहे. पिशवी तिथेच बाहेर ठेवली. अनोळखी लाकूड लेथवर चढवायचं नाही, हे मी त्या दिवशी पक्कं केलं.

वाडगा त्यांनी हातात घेतला आणि बूड गालाला लावून डोळे मिटले. ओलं लाकूड गालाला गार लागतं. तीनपैकी एक बाजूला काढला, "हो अजून ओलो हा." घरी येऊन वही बघितली, तोच वाडगा माळ्याच्या कोपऱ्यात कौलाच्या गळतीखाली होता.

पत्र्याचं सांगितलं तेव्हा ते रागावले. "पत्र्यार पापड सुकवतत, लाकूड नाय." मग गाभ्याचं विचारलं. म्हणाले, "गाभो ठेवलंस तर फुटतलोच. दोष लाकडाचो नाय."

लाकूड निवडायचं त्यांचं साधं आहे. रंगवायची हलकी लाकडी फळं कातायची तर पांगारा: मऊ, वजनाला काहीच नाही, पण धार वस्तऱ्यासारखी हवी, नाहीतर तंतू उपटतात. झाकण बसवायचं असेल, मापाचं काम असेल तर शिवण. शिवण वाळल्यावर फारशी हलत नाही. भोवऱ्याला आणि लाटण्याला जड, घट्ट लाकूड. नारळाचा बुंधा मी विचारला, तर त्यांनी मान हलवली: बाहेरून दगड, आतून भुसा, आणि पटाशीची धार बसल्या जागी जाते. हे मी नंतर करून पाहिलं. लाटणं फक्त बाहेरच्या दोन-तीन इंचांतून निघतं, आणि एका लाटण्याला चार वेळा धार लावावी लागली. दिसतं मात्र देखणं, काळ्या ठिपक्यांचं.

निघताना त्यांनी शिवणीचे दोन तुकडे दिले. ते कापले तेव्हा त्यांचा मुलगा शाळेत होता म्हणाले, आता तो नोकरीला आहे. वीज नव्हती त्या काळात एक जण दोरी ओढायचा आणि दुसरा कातायचा, तेव्हा लाकूड नीट वाळलेलं नसलं तर दोघांचीही मेहनत जायची, असं सांगत होते.

20 फेब्रुवारी 2022

तीन नंबर: 31 ऑक्टोबरला 1,235, 30 जानेवारीला 1,200, 13 फेब्रुवारीलाही 1,200. कोरड्या दिवसांत दोनदा तेच वजन. आज दुसरी कातणी सुरू केली.

वाडगा किती वाकला ते मोजलं. रेषांच्या दिशेने 9 इंच जवळजवळ तसेच, आडव्या दिशेने तीन सूत (इंचाचे तीन अष्टमांश) कमी. काठ दोन बाजूंना उचलला गेलाय, बूड टेबलावर डुगडुगतं. म्हणूनच पहिल्या कातणीत चकने (लेथच्या पकडीने) धरायची बुडाची खूर मोठी ठेवावी लागते. माझ्या दोन वाडग्यांची खूर बारीक होती, ती अंडाकृती झाल्यावर गोल करता करता चकच्या जबड्यात मावेना. त्या दोघांना लाकडी ठोकळ्यावर काठाकडून टेकवून, मागून लेथच्या सेंटरने (टोकदार टेकूने) दाबून खूर पुन्हा पाडली. प्रत्येकी तास गेला.

वाळलेला फणस ओल्यासारखा कातला जात नाही. फिती येत नाहीत, पीठ उडतं, नाकाला मास्क लागतोच. रेषा आळीपाळीने उलट्या वळलेल्या असतात, त्यामुळे एका पट्ट्यात गुळगुळीत आणि शेजारच्याच पट्ट्यात तंतू उपटलेले. ताजी धार लावून अगदी हलका शेवटचा हात दिला तर निघतं, नाहीतर पॉलिश पेपरवर दिवस जातो. मी पहिल्या वाडग्याला 80 नंबरच्या पेपरने अर्धा तास घासलं, दुसऱ्याला आधी दहा मिनिटं धार लावली आणि 120पासून सुरुवात केली. दुसरा चांगला झाला.

6 मार्च

दहा वाडगे झाले. तेलाचं: खोबरेल लावू नये. ते कधीच सुकत नाही आणि पुढे खवट वास धरू शकतं. जवसाचं कच्चं तेल हवेत सुकून कडक होतं, पण आमच्या हवेत प्रत्येक हाताला सात-आठ दिवस लागले. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेल लवकर सुकतं, त्यात सुकवण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून खाण्याच्या भांड्याला नको. तेलाच्या चिंध्या चोळामोळा करून टाकू नयेत, आपोआप पेटतात. दोरीवर पसरून वाळवाव्यात.

तेल लागताच हळदीचा पिवळा रंग मधासारखा झाला. उजेडात तो हळूहळू तपकिरी होत जाईल. आईची जुनी काठवट फणसाची आहे, तिचा रंग आता चिंचोक्यासारखा आहे. पहिला वाडगा तिच्या शेजारी ठेवला.

खर्च: करवतवाला 2,400, मेण 540, वजनकाटा 650, पॉलिश पेपर आणि तेल 780. एकूण 4,370. चक आणि गाऊज आधीपासून होत्या. माझे तास मोजले तर साठच्या वर, त्यातले पंधरा-सोळा फुकट गेलेल्या तुकड्यांवर.

24 एप्रिल

करंड्यांची गोष्ट वेगळी निघाली. मार्चमध्येच एक फणसाचा आणि एक काकांच्या शिवणीचा, असे दोन कुंकवाचे करंडे पुण्याला ताईकडे पाठवले होते. कुडाळला झाकणं इतकी छान बसत होती की बसवताना आतली हवा "फस्स" करत बाहेर यायची. ताईचा फोन आला, फणसाचं झाकण अडकतंय. आज पुण्याला आलोय, स्वतः पाहिलं. रेषा जुळवून झाकण ठेवलं तर बसतं, पाव फेरा फिरवलं की अडतं. करंडा आणि झाकण दोन्ही अंडाकृती झालेत. कुडाळहून निघताना तो 186 ग्रॅम होता, पुण्याच्या या उन्हाळ्यात 176. दहा ग्रॅम पाणी, जे कुडाळला माझ्या मते "वाळलेल्या" लाकडात होतं. शिवणीचा करंडाही तीन ग्रॅम हलका झालाय, पण त्याचं झाकण चारही दिशांना बसतं.

कुडाळच्या माळ्यावर वजन थांबलं ते कुडाळच्या हवेपुरतं. जी वस्तू पुण्यात राहणार तिचं लाकूड पुण्यात थांबलं पाहिजे. उरलेल्या पाचपैकी चार फणसाचे तुकडे जाड कातून, मध्ये भोक पाडून सोबत आणलेत. ताईच्या कपाटावर, पंख्यापासून लांब ठेवले. ताई दर रविवारी तिच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन घेऊन मला कळवणार आहे.

22 मे

चौघांचं वजन दोन आठवडे जागेवर आहे. पुण्यातच एका ओळखीच्यांच्या लेथवर चारही करंडे पुरे कातले. झाकण या वेळी मुद्दाम किंचित सैल ठेवलं, बोटाने हलवलं तर जेमतेम जाणवेल एवढं, कारण पावसात ते फुगणारच. आत रेषा जुळवायची खूण म्हणून काठावर तापल्या सुईने एक ठिपका दिला. अडकलेल्या जुन्या करंड्याचं झाकणही तिथेच गोल करून घेतलं.

17 जुलै

पुण्यात पाऊस लागलाय. ताईने आज वजन कळवलं: जुना करंडा 187. झाकण दोन्ही हातांनी फिरवून काढावं लागतं, पण निघतं. नव्या चारपैकी तिघांचं बोटांनी उघडतं. चौथ्याचं घट्ट बसलंय, ते तसंच ठेवायला सांगितलं, ओढू नकोस म्हटलं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की त्याला पुन्हा लेथवर घेईन.

माळ्यावर आता फणसाचा एकच करंड्याचा तुकडा आणि शिवणीचा एक शिल्लक आहे. दोन्हींवर आजचं वजन लिहिलं: 412 आणि 268.